गिरणीतला धोटा आणि कामगारांची एकजूट

बाबासाहेबांवर एक आरोप वर्षानुवर्षे होत आला आहे. त्यांनी कामगारांमध्ये जातीचा प्रश्न आणला आणि वर्गीय एकजूट फोडली, असा तो आरोप. १ मे जवळ आला की तो नव्याने ऐकू येतो. पुरावा म्हणून १९२९ च्या गिरणी संपाला त्यांनी केलेला विरोध दाखवला जातो आणि चर्चा तिथेच मिटवली जाते. पण एकजूट फुटली असे म्हणायचे तर ती आधी असायला हवी. मुंबईच्या गिरण्यांत ती होती का, हे साचेखात्याच्या दारात उभे राहिल्यावर कळते.

कापड गिरणीत काम खात्यांत वाटलेले असे. सूतकताईच्या रिंग खात्यात मजुरी कमी, तर कापड विणण्याच्या साचेखात्यात ती बरीच जास्त. गाव सोडून मुंबईला आलेल्या महार कामगाराला रिंग खात्यात काम मिळे, झाडूकाम मिळे, पण साच्यावर उभे राहता येत नसे. कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढी. म्हणजे एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागे. लँकेशायरच्या गिरण्यांतही हीच पद्धत होती. तिथल्या विणकरांची तक्रार होती की यातून रोग पसरतात. मुंबईत तक्रार झाली ती विटाळाची. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण विणकराला तोंडाशी न्यायचा नव्हता.

प्रश्न फक्त थुंकीचा असता तर तो सुटण्यासारखा होता. तोंड न लावता सूत ओवता येईल असे धोटे जगात तयार होत होते. पण विटाळाच्या आड पगार होता. गिरणीतले सर्वात चांगल्या मजुरीचे काम आपल्यापुरते राखून ठेवायला जात उपयोगी पडत होती. भरती जॉबरच्या हातात, आणि जॉबर माणसे आणणार आपल्या गावातली, आपल्या नात्यागोत्यातली. त्यामुळे लेखी नियम नसतानाही दार बंद राहिले. जात म्हणजे मनातला जुना गैरसमज, शिक्षण वाढले की तो जाईल, असे मानणाऱ्यांनी या दाराचा विचार करावा. इथे जात महिन्याच्या पगारात मोजता येत होती.

आता १९२८ कडे येऊ. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांची लाल बावट्याची युनियन या संपातून मोठी झाली. मजुरीतील कपात आणि एका कामगाराकडून जास्त यंत्रे चालवून घेण्याची मालकांची योजना, याविरुद्धची ही लढाई न्याय्य होती. पण साचेखाते अस्पृश्यांना उघडे करा, ही मागणी पुढाऱ्यांनी आपण होऊन मांडली नाही. बाबासाहेबांनी आग्रह धरला, ही मागणी घेतली नाही तर अस्पृश्य कामगारांना संपात राहू नका असे सांगेन, अशी ताकीद दिली, तेव्हा ती नाखुशीने घेतली गेली. धनंजय कीर यांच्या चरित्रात याची हकीकत आहे. मालकांपुढे ही मागणी गेली तेव्हा त्यांनी पुढाऱ्यांनाच सुनावले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही.

मालकांचे हे उत्तर लबाडीचे होते. स्वस्तात राबणारा आणि आपसांत विभागलेला कामगार त्यांना हवाच होता. तरीही त्या उत्तराने पुढाऱ्यांना गप्प केले, कारण दार अडवणाऱ्यांत त्यांच्याच युनियनचे सभासद होते. सहा महिन्यांच्या संपात सर्वांच्या घरची चूल सारखीच विझली. पण संप जिंकल्यावर साच्याची वाढीव मजुरी ज्याला कधीच मिळणार नव्हती, त्याने कोणत्या एकजुटीसाठी उपाशी राहायचे? पुढच्याच वर्षी, आधीचे कर्ज अंगावर असताना दुसरा लांबलचक संप आला. बाबासाहेबांच्या १९२९ च्या विरोधामागे ही परिस्थिती होती. ती वगळून नुसता विरोध सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे.

आणि ते संपाच्याच विरोधात होते असे म्हणणाऱ्यांनी पुढची दहा वर्षे वाचावीत. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मण्यशाही म्हणजे ब्राह्मण माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्व जातींत शिरलेली आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. उदाहरण दिले ते रेल्वेचेच. स्टेशनवरच्या हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते, म्हणून अस्पृश्याला ती हमालीसुद्धा मिळत नाही. गिरणीत धोटा आडवा आला, रेल्वेत स्टेशनमास्तरचे स्वयंपाकघर.

त्याच वर्षी खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचे बिल आणले. समेटाची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा, आणि शिक्षा तुरुंगाची. कामगाराला काम थांबवल्याबद्दल शिक्षा देणे म्हणजे त्याला गुलाम करणे, अशी मांडणी बाबासाहेबांनी सभागृहात केली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. पोलिसांनी गोळीबार केला. ज्यांना एकजूट फोडणारे म्हटले जाते, ते त्या दिवशी संपाच्या नेतृत्वात होते. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्या तासांचा फायदा सर्व जातींच्या कामगारांना झाला.

हे सगळे आज उगाळायचे कशाला? कारण दार आजही बंद आहे, फक्त जागा बदलली आहे. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने बंद आहे, तरी गटारात गुदमरून माणसे मरतात आणि त्यांत बहुतेक दलित असतात. शहरांचा कचरा उचलणारे हात मोठ्या प्रमाणात आपल्याच वस्त्यांतले, आणि तेही कंत्राटावर. कायम कामगारांच्या युनियनच्या मागण्यांत या कंत्राटी माणसाची मागणी कितव्या क्रमांकावर असते, हे ज्याने त्याने तपासावे. दुसरीकडे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने सर्वच उद्योगांत संपाआधी नोटीस सक्तीची केली आणि समेटाची बोलणी चालू असताना संप बेकायदा ठरवला. १९३८ चे बिल ज्याला आठवते, त्याला यात नवे काही वाटणार नाही.

म्हणून डाव्या मित्रांशी भांडण एवढेच आहे. एकजूट हवी, आम्हालाही हवी. पण जातीचा प्रश्न संपानंतर बघू, क्रांतीनंतर बघू, असे म्हणून ती होत नाही. सर्वात खालच्या कामगाराची मागणी यादीत पहिली लिहिली गेली तर तो सर्वात पुढे उभा राहील. १९२८ मध्ये ती आग्रहाने लिहून घ्यावी लागली. यापुढे ती मागायची वेळ आपल्यावर येऊ नये.

जय भीम.