'राजा हरिश्चंद्र'च्या कर्त्यांचे पूर्वव्यवसाय

महाराष्ट्रातील चित्रपट रंगभूमीच्या पोटी जन्मला, असे सामान्यतः मानले जाते. १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाच्या कर्त्यांचे पूर्वव्यवसाय पाहिले असता या मताला मुरड घालावी लागते.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी आणि मुद्रण अशा वाटांनी ते चित्रपटाकडे आले. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी यंत्रसामग्री आणली. त्र्यंबक तेलंग यांना छायालेखन त्यांनीच शिकविले. फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम पत्नी सरस्वतीबाईंनी आत्मसात केले. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दाबके रंगभूमीवरील नट होते. तारामती झालेले अण्णा साळुंके मात्र उपाहारगृहातील आचारी.

आदल्याच वर्षी दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' पडद्यावर आला होता. तो वस्तुतः रंगभूमीवरील प्रयोगाचे चित्रण होता. त्याचा छायालेखक इंग्रज होता, आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठविण्यात आली होती. म्हणजे नट व नाटक हाताशी असूनही चित्रपटाचा धंदा येथे उभा राहिला नव्हता.

तात्पर्य, रंगभूमीने कथानक व अभिनयाची रीत पुरविली. परंतु चित्रपटाला व्यवसायाचे रूप दिले ते छापखान्यात व छायाचित्रकाराच्या अंधारखोलीत घडलेल्या हातांनी. प्रथमत्वाच्या वादात हा भेद दृष्टीआड होता कामा नये.