विजय हजारे : संस्थानी चाकरी आणि क्रीडाव्यवसाय

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे एक ठाणे होते. तेथे मिशनची शाळा व रुग्णालय चालत असे. रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात आरंभिलेल्या कार्याचा विस्तार कालांतराने कोडोली, सांगली, मिरज अशा गावी झाला आणि दक्षिण महाराष्ट्राच्या संस्थानी मुलखात मराठीभाषी ख्रिस्ती कुटुंबांचा एक छोटा, शिक्षणाकडे ओढा असलेला समाज उदयास आला. विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे अशाच एका मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील शिक्षक होते. जन्मभूमी पटवर्धनांचे लहानसे संस्थान आणि धर्मसमाज तर संख्येने त्याहूनही अल्प, या दोन्ही गोष्टी त्यांच्या क्रीडाजीवनाचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाहीत.

हिंदुस्थानातील खेळाच्या इतिहासात 'हौशी' आणि 'व्यावसायिक' हे दोन शब्द इंग्रजांकडून आले. इंग्लंडमध्ये घरच्या उत्पन्नावर खेळणारा सभ्य गृहस्थ एका बाजूस आणि मोल घेऊन खेळणारा खेळाडू दुसऱ्या बाजूस, अशी स्पष्ट विभागणी होती. ती तेथील क्रिकेटमधून १९६२ च्या अखेरीस रद्द झाली. टेनिसमध्ये ती १९६८ पर्यंत टिकली. रामनाथन् कृष्णन् १९६० व १९६१ या दोन्ही वर्षी विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचले ते हौशी खेळाडू म्हणूनच. हजारे मात्र या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाहीत. त्यांच्या उपजीविकेचे खरे नाव 'चाकरी' असे आहे, आणि हा शब्द येथे कमीपणाच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. संस्थानी दरबारात मल्ल, गवई, चित्रकार यांना जे स्थान होते तेच विसाव्या शतकात क्रिकेटपटूस मिळू लागले. कोल्हापूरच्या तालमींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या व्यवस्थेत अपरिचित असे काही दिसणार नाही.

हजारे यांचे पहिले मोठे आश्रयदाते देवास (थोरली पाती) संस्थानचे विक्रमसिंहराव पवार हे होत. विक्रमसिंहराव राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येचे पुत्र. १९४७ साली दत्तकविधानाने तेच शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. देवासच्या आश्रयाच्या काळात हजारे रणजी स्पर्धेत मध्य भारताच्या संघातून खेळले, १९३८ साली राजपुतान्याच्या संघाबरोबर इंग्लंडला जाऊन आले, आणि ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. शिक्षकाच्या मुलास स्वबळावर यांतील काय साधले असते, हे सांगणे कठीण नाही. महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी १९३९-४० च्या मोसमात पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या सामन्यातील भारतीय खेळाडूचे हे पहिले त्रिशतक होय. पुढे लवकरच हजारे त्याच बडोद्याच्या गायकवाडांच्या सेवेत दाखल झाले. गुणी माणूस दुसऱ्या दरबाराने उचलावा, हा प्रकार गवयांच्या बाबतीत जुनाच आहे.

बडोद्यास त्याचे फळ मिळाले. १९४२-४३ व १९४६-४७ या दोन्ही मोसमांत रणजी करंडक बडोद्याकडे आला. यांपैकी दुसऱ्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असता हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. कोणत्याही गड्यासाठी तो जागतिक उच्चांक ठरला व २००६ पर्यंत अबाधित राहिला. अंतिम सामन्यातील दोन्ही संघ संस्थानांचे होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचा प्रकार निराळा. तेथे संघ धर्मावर आधारलेले होते. युरोपियन, हिंदू, मुसलमान व पारशी यांचे स्वतंत्र संघ होते. ज्यांना यांपैकी कोठेच जागा नव्हती अशा ख्रिस्ती, ज्यू इत्यादिकांसाठी १९३७ साली 'शेष' असा पाचवा संघ काढण्यात आला. नावातच त्याची प्रतिष्ठा किती होती ते उघड होते. १९४३ च्या डिसेंबरातील अंतिम सामन्यात हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'शेष' संघ १३३ धावांत गारद झाला. त्यांत हजारे यांच्या ५९ होत्या. पुन्हा खेळण्याची पाळी आल्यावर त्यांनी एकट्याने ३०९ धावा केल्या, आणि संघाची एकूण धावसंख्या झाली ३८७. बंधू विवेक यांच्यासमवेत झालेल्या ३०० धावांच्या भागीत विवेक यांचा वाटा होता २१. सामना एक डाव व ६१ धावांनी गेला तो गेलाच. या खेळीचे वर्णन नेहमी एकाकी पराक्रम म्हणून केले जाते, आणि ते यथार्थ आहे. परंतु एकाकीपण केवळ त्या दिवसाच्या धावफलकापुरते नव्हते. ज्या स्पर्धेत मोठ्या समाजांच्या जिमखान्यांचे पाठबळ निर्णायक होते तेथे हजारे यांच्या पाठीशी समाज नव्हता, दरबार होता. गायकवाडांच्या चाकरीत धर्माची अट आड आली नाही. सांप्रदायिक स्पर्धेपेक्षा संस्थानी आश्रय या एका बाबतीत अधिक उदार ठरला, हे मान्य करावे लागते.

याचा अर्थ आश्रय निर्दोष होता असे नव्हे. ज्या व्यवस्थेने हजारे यांना पोसले तिनेच १९३२ साली पोरबंदरच्या महाराजांना आणि १९३६ साली विजयानगरमच्या महाराजकुमारांना भारतीय संघाचे नायकपद दिले. खेळण्याची योग्यता आणि पुढारीपणाचा हक्क यांची त्यात फारकत होती. स्वातंत्र्यानंतर ती मिटली. जानेवारी १९४८ मध्ये ॲडिलेड येथे एकाच कसोटीत ११६ व १४५ धावा करणारे हजारे १९५१ साली नायक झाले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली.

दरम्यान संस्थानेच विलीन झाली. सांगली मार्च १९४८ मध्ये, कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये, बडोदे त्याच वर्षी १ मे रोजी. त्याच १९४९ साली हजारे लँकेशायर लीगमधील रॉटनस्टॉल क्लबाचे वेतनधारी खेळाडू होते. एका क्लबास असा एकच व्यावसायिक ठेवण्याची तेथे मुभा होती. चाकरीची जागा कराराने घेतली, ती अशी.

या कराराचे राष्ट्रीय संघाशी नाते काय, हा प्रश्न १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात उभा राहिला. विनू मंकड यांना निवडीचे आश्वासन मिळाले नाही, म्हणून त्यांनी हॅस्लिंग्डन क्लबाशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत मंकड संघात नव्हते. दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले. मग हजारे (५६) आणि दत्तू फडकर (६४) यांनी डाव सावरला. क्लबाने मोकळीक दिल्यावर लॉर्ड्‌सवर मंकड यांनी ७२ व १८४ धावा केल्या, तरीही सामना हातचा गेलाच.

लीड्सच्या त्या सामन्यात इंग्लंडचे नायक लेन हटन होते. विसाव्या शतकात व्यावसायिक खेळाडूस इंग्लंडचे कसोटी नायकपद देण्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि इंग्लंडमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. नाणेफेकीस त्यांच्यासमोर उभे असलेले हजारे तीन वर्षांपूर्वी लँकेशायरमधीलच एका गिरणगावच्या क्लबाचे पगारी खेळाडू होते.

१९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर हजारे कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. ३० कसोटींत २,१९२ धावा व सात शतके त्यांच्या नावावर होती. बडोद्याच्या संघातून ते पुढेही खेळत राहिले. १९५७-५८ मध्ये रणजी करंडक पुन्हा एकदा बडोद्यास मिळाला. संस्थान गेले, परंतु संघाचे नाव राहिले, आणि आजही रणजी स्पर्धेत गुजरातेहून वेगळा असा बडोद्याचा संघ उतरतो. हजारे सांगलीस परतले नाहीत. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच त्यांचे निधन झाले.