आयलंड आणि आईल (इंग्रजी शब्द)

'आयलंड' आणि 'आईल' हे 'बेट' या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आहेत. अर्थ व लेखन यांतील साम्यामुळे 'आईल' हे 'आयलंड'चे संक्षिप्त रूप असावे, असा समज होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मात्र हे शब्द परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत.

व्युत्पत्ती

'आयलंड' हा जर्मानिक कुळातील शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत बेटवाचक पदाला 'भूमी' या अर्थाचे पद जोडून तो सिद्ध झाला. 'आईल' हा मूळ लॅटिन 'इन्सुला' या शब्दापासून जुन्या फ्रेंच भाषेमार्फत १३व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला.

अनुच्चारित 'एस'

'आयलंड'च्या मूळ लेखनात 'एस' हे अक्षर नव्हते. 'आईल'मध्ये ते लॅटिन मुळाची खूण म्हणून लिहिले जाई. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, या गैरसमजातून १६व्या शतकात ते 'आयलंड'मध्येही शिरले. त्याचा उच्चार कधीच होत नव्हता व आजही होत नाही. चर्चमधील किंवा आसनांच्या रांगांमधील मार्गिकेला 'आईल' असाच उच्चार असलेला तिसरा शब्द आहे. तो 'पंख' या अर्थाच्या लॅटिन 'आला'पासून आलेला असून त्यातील 'एस'ही अशाच गोंधळातून आला आहे.

अर्थ आणि वापर

'आयलंड' हा सर्वसाधारण व्यवहारातील शब्द असून भूगोलात तोच रूढ आहे. रस्त्यावरील वाहतूक बेटासारख्या लाक्षणिक अर्थांनाही तोच वापरतात. 'आईल' प्रामुख्याने काव्यात आणि आईल ऑफ मान, आईल ऑफ वाइट यांसारख्या विशेषनामांत आढळतो. विशेषनामांतील हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. 'इन्सुला'पासूनच 'पेनिन्सुला' (द्वीपकल्प) हा शब्द बनला. स्वादुपिंडातील लँगरहॅन्सच्या द्वीपिकांवरून 'इन्सुलिन' हे नाव पडले, त्याचेही मूळ तेच आहे.

मराठी प्रतिशब्द

मराठीत 'बेट' व 'द्वीप' अशी जोडी आहे. 'बेट' हा नित्य व्यवहारातील शब्द आहे, उदा. मुंबईची सात बेटे. बांबूच्या दाट समूहालाही बेटच म्हणतात. संस्कृत 'द्वीप' मुख्यत्वे द्वीपसमूह, द्वीपकल्प, लक्षद्वीप अशा सामासिक शब्दांत येतो. तथापि 'आयलंड' म्हणजे बेट व 'आईल' म्हणजे द्वीप असे ठरावीक समीकरण मांडता येत नाही. भाषांतरात प्रतिशब्दाची निवड संदर्भानुसार करावी लागते.