बेदिकात तोलाईम
अन्नात कीटक नाहीत याची खात्री करून घेण्याची ज्यू आहारधर्मातील रीत. आधार तोरा या ज्यू धर्मग्रंथातील ‘लेवीय’ ग्रंथाच्या 11 व्या अध्यायाचा. इतर निषिद्ध पदार्थाचा अंश चुकून साठपट अन्नात मिसळला, तर तो बहुधा दुर्लक्षिला जातो. अख्ख्या कीटकाला मात्र ही सवलत नाही. एक मुंगी खाल्ल्यास पाच निषेधांचा भंग होतो, असा हिशेब तल्मूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाच्या ‘मक्कोत’ प्रकरणात आहे.

कसोटी नुसत्या डोळ्यांची. सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा जीव बाधत नाही. नियमाची सारी व्यवहार्यता या सवलतीवर उभी आहे. तरी सीमारेषेवरचे वाद होतातच. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यात जेमतेम दिसणारे कोपेपॉड हे इवलेसे कवचधारी जलजीव आढळले आणि अनेक धर्मनिष्ठ कुटुंबांनी नळांना गाळण्या बसवल्या.

पीठ चाळतात, तांदूळ निवडतात, सुके अंजीर फोडून पाहतात. खरी कसोटी पालेभाजीची. लेट्यूसचे पान साबणाच्या पाण्यात भिजवून, वाहत्या पाण्याखाली धुऊन, दिव्यासमोर दोन्ही बाजूंनी न्याहाळतात; पानाच्याच रंगाचा मावा शिरेलगत सहज लपतो. फ्लॉवर, ब्रोकोलीच्या घट्ट तुऱ्यांतले फुलकिडे त्याहून चिवट, म्हणून काही रब्बी (ज्यू धर्मगुरू) ताज्या ब्रोकोलीला परवानगीच देत नाहीत.

हा खटाटोप टाळण्यासाठी गाझा पट्टीतील गुश कातिफ या इस्रायली वसाहतींत बारीक जाळीच्या हरितगृहांत कीडमुक्त पालेभाज्या पिकवल्या जात. 2005 मध्ये वसाहती उठल्या. ही लागवडपद्धती इस्रायलमध्ये चालू आहे.