चौदा इंजेक्शनं

आमच्या पिढीतल्या कुणालाही "कुत्रं चावलं" असं नुसतं सांगून पाहा, समोरच्याच्या तोंडून पुढचा शब्द "चौदा" हाच निघणार. चौदा इंजेक्शनं, तीही पोटात, बेंबीभोवती! ती लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. पण तिची दहशत अजून घरोघरी सुखाने नांदते आहे. आजही आज्या नातवंडांना रस्त्यावरच्या कुत्र्यापासून लांब ठेवायला हीच धमकी वापरतात.

घरात कुत्रा असल्यामुळे मला वर्षातून एकदा प्राण्यांच्या दवाखान्यात जावं लागतं. डॉक्टर त्याच्या कातडीखाली एक सुई टोचतात, कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवतात, पुढच्या वर्षीची तारीख घालतात, की झालं. कुत्र्याचं लक्ष तेवढा वेळ बिस्किटाकडे असतं. ही पाच मिनिटांची गोष्ट आणि ती चौदा इंजेक्शनं, दोन्ही एकाच आजारासाठी. मग मधल्या काळात नेमकं घडलं तरी काय, या कुतूहलापोटी वाचत गेलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आजार अर्थातच जुना. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या दंशाचं वर्णन आहे आणि रोगी पाण्याला घाबरू लागला की तो वाचत नाही, हेही त्यात आहे. त्याला तिथे 'जलत्रास' म्हटलं आहे. रोग ओळखता येत होता, उपाय मात्र नव्हता. मग उरायचा एकच मार्ग : कुत्री मारा.

मुंबईत कंपनी सरकारने तेच आरंभलं होतं. मोकाट कुत्रं मारणाऱ्याला दर नगामागे बक्षीस मिळे. आता, पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. त्यातून बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही सुटेनात. ६ जून १८३२ ला, नेमक्या पारशांच्या पवित्र दिवशी, ठिणगी पडली. फोर्टातली दुकानं बंद झाली, गोऱ्या फौजेचा शिधा अडवला गेला, इतर धर्मांचे लोकही सामील झाले आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मुंबईतल्या सुरुवातीच्या दंगलींपैकी ही एक, आणि ती कुत्र्यांवरून! गंमत वाटते खरी, पण कुत्रा मारायचा की सांभाळायचा हा वाद आपण अजूनही तितक्याच तावातावाने घालतो आहोत.

त्यानंतर अर्ध्या शतकाने पॅरिसमध्ये लुई पाश्चर या रोगामागे लागले. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पाश्चर यांची लस आधी कुत्र्यांना दिली गेली, माणसांना नंतर. १८८४ मध्ये सरकारी समितीने लस दिलेली कुत्री तपासलीही होती. म्हणजे सगळ्या कुत्र्यांनाच लस टोचावी, ही कल्पना तेव्हाच समोर होती. पण एकट्या पॅरिसमध्ये लाखभर कुत्री, प्रत्येकाला अनेक टोचण्या, त्यासाठी लागणारे असंख्य ससे... हिशेब जमेना. मग वेगळा विचार पुढे आला. रेबीजचा विषाणू जखमेपासून मेंदूकडे नसांमधून हळूहळू जातो. त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात शरीराला तयार केलं तर? चावल्यानंतर लस देण्याची ही कल्पना विषाणूच्या या संथपणावरच उभी आहे.

६ जुलै १८८५ ला अल्सासमधल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला, पिसाळलेला कुत्रा चावल्यानंतर दोन दिवसांनी, पहिली टोचणी दिली गेली. सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेल्या लसीच्या एकूण तेरा टोचण्या त्याला दिल्या. मुलगा वाचला.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांना कुत्रं चावलं तर सरकार त्यांना थेट पॅरिसला धाडत असे. सामान्य माणसाला कुठलं पॅरिस! १९०० मध्ये कसौलीला आपल्याकडची पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली आणि १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला दुसरी. कसौलीच्याच डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये नवी लस केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो कार्बॉलिक अ‍ॅसिडने मारायचा आणि त्या मेंदूचं पातळ मिश्रण टोचायचं. ती करायला सोपी, स्वस्त आणि लांब पाठवता येण्याजोगी होती. कसौली गाठण्याची गरज उरली नाही, जिल्ह्याच्या गावीच उपचार होऊ लागले. या लसीने किती जीव वाचवले असतील, त्याची मोजदादच नाही.

आपली चौदा इंजेक्शनं ती हीच. लस कमजोर, म्हणून रोज एक अशी बरेच दिवस घ्यायची. मात्रा मोठी, म्हणून ऐसपैस जागा हवी, म्हणून पोट. आणि तिच्यात खुद्द मेंदूचाच अंश असल्यामुळे एक वाईट दोष होता. क्वचित कुणाचं शरीर त्या परक्या मज्जेबरोबर स्वतःच्या नसांच्या आवरणावरही हल्ला करी आणि माणूस लुळा पडे. तरीही डॉक्टर ती देत, कारण पलीकडे खात्रीचा मृत्यू होता.

पण त्या दहशतीचीही किंमत मोजावी लागली. आमच्या आळीत एक मुलगा होता, चौथीत. गोट्यांमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला कुत्रं चावलं होतं, हे त्याने फक्त एका मित्राला सांगितलं होतं. आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं की चौदा! जखम बारकी होती, भरून आली. दोन महिन्यांनी एका सकाळी तो पाण्याचा पेला दूर ढकलू लागला. पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. आम्हा मुलांना त्या घरासमोरून जाऊ देत नसत, एवढं आठवतं. त्या मुलाला उपचार मिळण्यासारखे होते. त्याला भीती होती ती उपचारांचीच.

असो. पुढे पेशींवर वाढवलेल्या, मेंदूचा अंश नसलेल्या लसी आल्या. १९७६ मध्ये इराणमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला : पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्या ४५ जणांना अशी लस दिली आणि पंचेचाळीसच्या पंचेचाळीस वाचले. आता आपल्याकडे हीच पद्धत आहे. दंडावर चार-पाच वेळा जायचं, बास. खोल जखम असेल तर जोडीला जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचतात. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते.

पण माणसांना कितीही लस टोचली तरी कुत्र्यांमधला रोग हटत नाही. पाश्चर यांना न जमलेला तो पहिला विचार शेवटी इतरांनी पुरा केला. जपानमध्ये उमेनो आणि दोई यांनी १९२१ मध्येच कुत्र्यांसाठी एका टोचणीची लस सांगितली. १९५० मध्ये तिथे कायदा होऊन कुत्र्यांची नोंदणी व लस सक्तीची झाली आणि १९५७ नंतर देशातल्या प्राण्यांमधून रेबीज नाहीसा झाला. इंग्लंडने तर त्याही आधी, १९०२ पर्यंत, मुसक्या आणि क्वारंटाइन यांच्या जोरावर तो घालवला होता. पण ते पडलं बेट.

आपल्याकडे जमेल का, असं विचारणाऱ्यांसाठी गोवा आहे. तिथे २०१३ पासून गल्लोगल्ली जाळी घेऊन माणसं फिरली. मोकाट कुत्री पकडायची, लस टोचायची, रंगाची खूण करायची आणि सोडून द्यायची. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. २०१९ पर्यंत तिथले माणसांचे रेबीजमृत्यू थांबले होते आणि कुत्र्यांमधला रोग ९२ टक्क्यांनी घटला होता. एकही कुत्रं मारावं न लागता! १८३२ च्या त्या दंगलीला दिलेलं हे उत्तरच म्हणायचं.

आता कामाचं थोडं, कारण इतिहास वाचून नुसतं हळहळण्यात काही हशील नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. "आमचा बाहेर जातच नाही हो" हे कारण चालत नाही. मांजरालाही तोच नियम, कारण गच्चीवरून ते कुठे जाऊन येतं ते त्यालाच ठाऊक. कुणाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, कारण त्याच्या लाळेत विषाणू असलाच तर तेवढ्यात ते आजारी पडतं. पण तोवर लस थांबवून ठेवायची नाही.

आणि एक शेवटचं. घरातल्या मुलांना चौदा इंजेक्शनांची भीती घालणं आता बंद करू या. "कुत्रं चावलं तर मला लगेच सांग, मी रागावणार नाही" एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. आमच्या आळीत तेवढंच कुणी सांगितलं नव्हतं.