पाचव्या महिन्याचा इतिहास

शाळेत मी मुलांना इतिहास शिकवतो. त्यात लढाया असतात, तह असतात, राजांच्या जन्ममृत्यूचे सन असतात. जे जन्मालाच आले नाहीत, त्यांचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात नसतो. तो मला प्रथम आमच्या आजीकडून कळला.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले. निम्मा बाजार अमरावतीला आणि निम्मा अकोल्याला करणारे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजी तुळशीपाशी तीन पणत्या वेगळ्या लावी. लहानपणी मी एकदा कारण विचारले. ती म्हणाली, "तुह्या बापाच्या आंधीचे तीन व्हते, बापू. तिन्ही पाचव्या महिन्यात गेले. कळा नाही, काई नाही. पाणी गेलं अन् लेकरू गेलं."

दोष अर्थातच तिच्या माथी आला. कोणी म्हणे जड हंडा उचलला, कोणी म्हणे ग्रहणात विळी धरली, कोणी मागच्या जन्मीचे पाप काढी. आजोबांच्या दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू झाली होती. एक म्हातारी सुईण तेवढी म्हणाली, "पाप नाही बाई, तुह्या पिशवीचं तोंड सैल हाय."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कादंबऱ्या लिहिताना नाना पुस्तके चाळावी लागतात, तेव्हा कुठे मला उमगले की, त्या निरक्षर बाईचे बोट नेमके दुखण्यावर पडले असावे.

या दुखण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंतच्या गर्भनाशाला गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यातल्याला गर्भपात अशी निराळी नावे आहेत. नव्या काळात आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली, तेव्हा प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच निवडला. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेली ती माता होती. त्याच सुमारास, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांच्या नावाने स्त्रियांच्या औषधोपचारासाठी निधी उभा राहिला. अमरावतीचे स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन'च आहे, आणि अकोल्याचे 'लेडी हार्डिंग'. दोन व्हाइसरॉयांचा कारभार वऱ्हाड विसरला; त्यांच्या बायकांची नावे मात्र बाळंतपणाच्या निमित्ताने घरोघरी राहिली.

पण सैल तोंडावर इलाज निघाला तो एका गोमंतकीयाच्या हातून. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली शिरोड्याचा. खांडेकरांनी मास्तरकी केली ते शिरोडे वेगळे, हे गोव्यातले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्यांनी त्याच शहरात नाव काढले. गर्भाशयाचे मुख कमकुवत असले, तर गर्भाचा भार वाढताच ते कळांवाचून उघडते. मग पाणमोट खाली येते आणि फुटते. शिरोडकरांनी विचार केला, बटव्याचे तोंड आपण दोरी ओढून बंद करतो, तसे हे का करू नये? त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यांनी ती गर्भाशयाच्या मुखाभोवती बांधली. १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' मासिकात त्यांनी ही कृती प्रसिद्ध केली. १९५७ मध्ये मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनी सोपा टाका सुचवला. तरी 'शिरोडकर टाका' हे नाव जगभरच्या वैद्यकात कायम झाले. १९७१ साली शिरोडकरांना पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी ते वारले.

माझे वडील १९५६ साली जन्मले. आजीला खाटेवर निजवून सुईणीने पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. आजचे वैद्यक अशा सक्तीच्या निजण्याला फारसे श्रेय देत नाही; पण आमच्या घराण्याचा वेल पुढे सरकला एवढे खरे. मद्रासला छापलेला कागद दर्यापूरच्या वाटेला अजून लागायचा होता.

पुढे सोनोग्राफी आली आणि जे सुईण अंदाजाने सांगे, ते मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागले. १९९६ साली अमेरिकेत सुमारे २,९०० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयाच्या मुखाची लांबी सरासरी ३५ मिलिमीटर भरली. जितकी ती कमी, तितकी अकाली बाळंतपणाची भीती अधिक, असे दिसले. आता २५ च्या आत आकडा आला की डॉक्टर सावध होतात.

हा आकडा आमच्याही घरी आला. २०११ साली माझ्या धाकट्या बहिणीची पाणमोट तिसाव्या आठवड्यात फुटली. कळा नव्हत्या, म्हणून घरची वडील मंडळी म्हणाली, "सकाळी पाहू." आजी तेवढी काठी आपटून उठली, "पाणी गेलं ना? मंग गाडी काढा!" अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले, लांबी अवघी १२ मिलिमीटर. त्या म्हणाल्या, "मास्तर, एकदा पाणी गेल्यावर टाका घालत नाहीत, आत जंतू कोंडले जातील. लांबी इतकी कमी असली, की बाळंतपण बहुधा फार दिवस थांबत नाही. मिळतील तेवढ्या तासांचा उपयोग करू." जंतुसंसर्ग रोखणारे औषध सुरू झाले, आणि बाळाची फुप्फुसे पिकवणारी इंजेक्शनेही. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हौवी यांनी १९७२ साली सिद्ध केलेला तो उपाय. तिसऱ्या दिवशी भाची झाली. वजन १,३०० ग्रॅम! महिनाभर काचेच्या पेटीत राहून ती घरी आली.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल रागावू नका. फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या घरातच हे बोलले पाहिजे. कोणा सुनेचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला असेल, तर पुढच्या खेपेला ते डॉक्टरांना आरंभीच सांगा. टाका प्रत्येकीला लागतोच असे नाही. पण मोजून पाहता येते. आणि मुदतीआधी पाणी गेले, तर कळांची वाट पाहू नका.

त्या दिवाळीत मी आजीला शिरोडकरांची सारी हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "म्हंजे, माह्या हातून काई झालं नव्हतं ना रे?"

मी म्हणालो, "नाही आजी."

साठ वर्षे हा प्रश्न तिने कोणाला विचारला नव्हता. त्या संध्याकाळी तिन्ही पणत्यांत तेल मी घातले.