आयआयटी प्रवेशाची शालेय पूर्वतयारी

भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये (आयआयटी) पदवीसाठी प्रवेश मिळावा या हेतूने विद्यार्थी इयत्ता आठवी ते दहावीच्या काळातच जो विशेष अभ्यास आरंभतात, त्यास आयआयटी प्रवेशाची शालेय पूर्वतयारी म्हणतात. शिकवणी वर्गांच्या व्यवहारात तिला ‘फाउंडेशन’ हे नाव रूढ आहे. प्रवेशपरीक्षा अकरावी-बारावीच्या पाठ्यक्रमावर आधारलेली असल्याने या पूर्वतयारीचा परीक्षेशी थेट संबंध नाही. असलाच तर तो पायाभरणीचा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने काय आणि किती शिकावे, हा यातील मुख्य वादविषय होय.

प्रवेशप्रक्रिया

पहिली आयआयटी १९५१ मध्ये खरगपूर येथे आणि मुंबईची १९५८ मध्ये पवई येथे सुरू झाली. सध्या देशात अशा २३ संस्था आहेत. २०१३ पासून प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा ‘जेईई मेन’. २०१९ पासून तो राष्ट्रीय परीक्षा संस्थेमार्फत (एनटीए) घेतला जातो व सध्या जानेवारी आणि एप्रिल अशी त्याची दोन सत्रे असतात. त्यातील गुणानुक्रमे पहिल्या सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांना ‘जेईई अ‍ॅडव्हान्स्ड’ या दुसऱ्या टप्प्यास बसता येते. या दिवशी प्रत्येकी तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका सोडवाव्या लागतात.

२०२४ मध्ये मेन परीक्षेस १४ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. अ‍ॅडव्हान्स्ड देणारे सुमारे १ लाख ८० हजार होते, त्यांपैकी ४८ हजारांच्या आसपास उत्तीर्ण ठरले आणि सर्व आयआयटी मिळून जागा होत्या सतरा हजार सातशेच्या घरात. अर्थात ‘उत्तीर्ण’ विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना आयआयटीत जागा मिळाली नाही. जाहिरातींतील उत्तीर्णांचे आकडे वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

पूर्वतयारीच्या दृष्टीने तीन नियम महत्त्वाचे आहेत. अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच देता येते. बारावीत ७५ टक्के गुण (अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ६५ टक्के) किंवा आपल्या मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमधील स्थान आवश्यक असते. तिसरी बाब पाठ्यक्रमाची. तो भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या तीन विषयांचा आणि उच्च माध्यमिक स्तरावरचा आहे. आठवी-नववीचे स्वतंत्र प्रश्न त्यात नसतात.

पूर्वतयारी लवकर सुरू होण्याची कारणे

२००० ते २००५ या काळात चाळणी परीक्षा आणि मुख्य परीक्षा अशी रचना होती. २००६ पासून एकच वस्तुनिष्ठ परीक्षा आली, बारावीतील ६० टक्क्यांची अट घातली गेली आणि परीक्षा देण्याच्या संधी दोनवर आल्या. वाटेल तितक्या वेळा प्रयत्न करण्याची सोय संपल्यावर आधीच्या वर्षांचे मोल वाढले.

याच सुमारास राजस्थानातील कोटा शहर शिकवणी वर्गांचे केंद्र म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले होते. तेथील जे. के. सिंथेटिक्स या कारखान्यात अभियंता असलेले विनोदकुमार बन्सल यांनी स्नायूंच्या दुर्धर विकारामुळे घरीच गणिताच्या शिकवण्या सुरू केल्या आणि १९९१ मध्ये ‘बन्सल क्लासेस’ची स्थापना केली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. कोट्याला विद्यार्थी प्रारंभी अकरावीपासून किंवा बारावीनंतर जात. पुढे वर्गांची संख्या वाढली, चुरस वाढली आणि प्रवेशाचे वय खाली सरकत गेले.

महाराष्ट्रात आणखी एक कारण आहे. येथे शाळा दहावीला संपते आणि अकरावीसाठी कनिष्ठ महाविद्यालय बदलावे लागते. निकाल, अर्ज, प्रवेशफेऱ्या यांत मोठ्या शहरांमध्ये जून-जुलै निघून जातो. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (एमएचटी-सीईटी) बारावीच्या पाठ्यक्रमाला सुमारे ८० टक्के आणि अकरावीला सुमारे २० टक्के भार देते. त्यामुळे अकरावी हे विसाव्याचे वर्ष अशी समजूत बळावली. जेईईमध्ये मात्र दोन्ही वर्षांना सारखेच महत्त्व आहे. दहावीपर्यंत नव्वद टक्क्यांच्या पुढे असलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत गडबडतो, तो बहुधा या सांध्यावर.

अभ्यासाचे स्वरूप

पूर्वतयारीचे दोन प्रकार दिसतात. एकात अकरावीचा पाठ्यक्रमच नववी-दहावीत उरकण्याचा प्रयत्न असतो. दुसऱ्यात शालेय पाठ्यक्रमच अधिक खोलवर शिकवला जातो. पहिला प्रकार जाहिरातीला सोयीचा आहे. दुसऱ्याचा उपयोग अधिक टिकतो. राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके उघडून पाहिल्यास त्याचे कारण कळते.

नववीच्या विज्ञानाचा पहिला पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे. विस्थापन, त्वरण, संवेग, न्यूटनचे तीन नियम आणि गतीची तीन समीकरणे त्यात येतात. त्यापाठोपाठ ‘कार्य आणि ऊर्जा’, आणि पुढे ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मोल ही संकल्पना आहे. अकरावीच्या स्थितिगतिशास्त्राचा आणि रसायनशास्त्रातील गणनांचा सारा डोलारा या तीन पाठांवर उभा राहतो. दहावीत गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, विद्युतधारेचे परिणाम असे विषय आहेत, पण गतीच्या नियमांकडे सविस्तर परतणे होत नाही. नववीला मंडळाची परीक्षा नसल्याने अनेक घरांत आणि काही शाळांतही हे वर्ष दहावीच्या तयारीत खर्ची पडते. पूर्वतयारीतील सर्वांत मोठी हानी येथे होते आणि ती दीड-दोन वर्षांनी उघडकीस येते.

गणितात दहावीचे वर्गसमीकरण हे चांगले उदाहरण ठरते. शालेय परीक्षेत समीकरण सोडवून मुळे काढणे पुरते. प्रवेशपरीक्षेत दोन्ही मुळे धन असण्यासाठी सहगुणक कोणत्या मर्यादेत असावा, असे विचारले जाते. त्यासाठी नवे सूत्र लागत नाही; मुळांची बेरीज, मुळांचा गुणाकार आणि विवेचक या शाळेत शिकलेल्या तीनच गोष्टी एकत्र आणाव्या लागतात. निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि समरूप त्रिकोण यांबाबतही हेच म्हणता येईल. भूमितीतील प्रमेये पाठ करून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुण पडतात, परंतु अपरिचित आकृती समोर आली की त्याचा हात थबकतो.

अकरावीत विषयांच्या क्रमाचीही अडचण येते. भौतिकशास्त्रात वेग व त्वरण यांची मांडणी विकलनाच्या भाषेत होते; राज्य मंडळाच्या गणितात मात्र सीमा, सातत्य व विकलन हे पाठ दुसऱ्या भागाच्या अखेरीस येतात. ही फट बुजविण्यासाठीच भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सदिश आणि कलनाची तोंडओळख करून देणारा ‘गणितीय पद्धती’ हा स्वतंत्र पाठ आरंभी दिलेला आहे. दहावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी या पाठासाठी, लॉगॅरिथमसाठी आणि आलेख वाचण्याच्या सरावासाठी वापरणे पुष्कळ अनुभवी शिक्षक पसंत करतात. एवढी पूर्वतयारी दोन महिन्यांत होते. तिला तीन वर्षांचा वर्ग लागत नाही.

माध्यमाचा प्रश्न

२०२१ पासून जेईई मेनची प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत उपलब्ध आहे. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होते. शिवाय राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचे अध्यापन प्रायः इंग्रजीतूनच चालते. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास त्यामुळे आशयाबरोबर भाषेचाही डोंगर चढावा लागतो. सेमी-इंग्रजी पद्धतीत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जात असल्याने ही चढण काही अंशी कमी होते, परंतु विषय कळण्याऐवजी शब्द पाठ होण्याचा धोका त्या पद्धतीत आहे.

पारिभाषिक शब्दांची अडचण वाटते तेवढी मोठी नसते. संवेग म्हणजे मोमेंटम, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी अशा दोनशे-तीनशे जोड्या विद्यार्थी काही आठवड्यांत आत्मसात करतो. खरी अडचण प्रश्नाच्या वाक्यरचनेत असते. ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘निग्लिजिबल’ अशा साध्या शब्दांवर उत्तर फिरते, आणि त्यांचा अर्थ कोणत्याही विज्ञानकोशात दिलेला नसतो. नववी-दहावीपासून पाठ्यपुस्तकाच्या मराठी व इंग्रजी आवृत्त्या शेजारी ठेवून एकच पाठ दोनदा वाचणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळत असल्याने तो खेड्यातही शक्य आहे. मातृभाषेत संकल्पना पक्की झालेल्या मुलास इंग्रजी संज्ञा जड जात नाही. उलट दिशेने जाणाऱ्याची वाट बिकट असते.

शालेय स्पर्धा

मुंबईतील विज्ञान अध्यापकांच्या संघटनेतर्फे घेतली जाणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी व नववीसाठी असते. तिच्यात लेखी परीक्षेखेरीज प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधन प्रकल्प यांचाही समावेश आहे, हे तिचे वैशिष्ट्य. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा जुनी असून अनेक पिढ्यांना वस्तुनिष्ठ प्रश्नांची पहिली ओळख तिनेच करून दिली. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर स्थगित आहे. गणित व विज्ञान ऑलिंपियाडचे काम मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते. या ऑलिंपियाड आणि खासगी संस्थांच्या शुल्क आकारून घेतल्या जाणाऱ्या ‘ऑलिंपियाड’ नामक परीक्षा यांत पालकांची गल्लत होते. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही.

निर्बंध आणि टीका

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. १६ वर्षांखालील विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये, माध्यमिक शालान्त परीक्षेनंतरच नोंदणी करावी, शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये आणि मध्येच वर्ग सोडल्यास शुल्क प्रमाणात परत करावे, अशी तरतूद त्यांत आहे. शब्दशः पाहता ‘फाउंडेशन’ वर्ग या तत्त्वांत बसत नाहीत. परंतु अंमलबजावणी राज्यांकडे आहे, आणि शाळेच्याच वेळापत्रकात बाहेरच्या संस्थेच्या तासिका बसविल्या तर त्यास शिकवणी म्हणावे की शाळा, हा प्रश्न उरतोच.

या तत्त्वांमागे कोट्यातील घटनांची पार्श्वभूमी होती. २०२३ या एका वर्षात तेथे वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाने वर्गांतील चाचण्या दोन महिने थांबविण्याचा आणि वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंगची यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. दुसऱ्या आदेशाची मोठी चर्चा झाली, पहिल्याची कमी. वास्तविक आठवड्यागणिक भिंतीवर लागणाऱ्या गुणानुक्रमाच्या याद्या हाच पालक व शिक्षक यांच्या तक्रारींचा मुख्य विषय होता.

महाराष्ट्रात ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीवर टीका होते. तीत विद्यार्थ्याचे नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि प्रत्यक्ष उपस्थिती शिकवणी वर्गात असते. प्रयोगशाळेचे तोंड न पाहता विद्यार्थी बारावी विज्ञान उत्तीर्ण होतो. २०१८ मध्ये राज्य शासनाने काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. याउलट ‘लातूर पॅटर्न’चा आरंभ महाविद्यालयातच जादा तासिका आणि सराव प्रश्नपत्रिका घेण्यातून झाला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र छापताना त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता, हे सांगणे आता बंधनकारक आहे. नुसती सराव परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यावर अनेक वर्गांनी हक्क सांगण्याचा प्रघात त्यापूर्वी सर्रास होता.

विनामूल्य मार्ग आणि अन्य संस्था

नागपूर येथील महाज्योती ही राज्य शासनाची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना दहावीनंतर टॅब्लेट व इंटरनेटसह ऑनलाइन मार्गदर्शन देते. दक्षणा फाउंडेशन ही संस्था जवाहर नवोदय विद्यालयांतील निवडक विद्यार्थ्यांसाठी काम करते. तिचे निवासी केंद्र पुणे जिल्ह्यात आहे. आयआयटी कानपूरच्या साहाय्याने चालणारे ‘साथी’ हे शासकीय संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. प्रवेश मिळाल्यावर अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच वार्षिक कौटुंबिक उत्पन्न एक लाखाहून कमी असणाऱ्यांना आयआयटीत शिक्षणशुल्क पूर्ण माफ असते. एक ते पाच लाख उत्पन्नगटास दोन-तृतीयांश सवलत मिळते.

हाच अभ्यास राज्यातील अन्य नामांकित संस्थांसाठीही उपयोगी पडतो. पुण्याचे सीओईपी (स्थापना १८५४), माटुंग्याचे व्हीजेटीआय (१८८७) आणि तेथीलच रसायन तंत्रज्ञान संस्था (१९३३) यांतील बहुतांश जागा एमएचटी-सीईटीतून भरल्या जातात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश होतो व निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात.